भागवत एकादशीची ओहोटी

चार वर्षं मी या ग्रुपवर नुसती वाचक आहे. लोकांचे अनुभव वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसते. सगळेजण "माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता" अशी सुरुवात करतात, तेव्हा आपण लिहायची वेळ आली तर तसं लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. पण करणार काय... खरोखरच नव्हता. धारवाडला गणित घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी मी. भूत म्हटलं की मला आधी त्याचा पुरावा लागायचा. आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. पुरावा मिळाला होता, तोही चांगला दोन बादल्या पाण्यात धुऊन टाकला. ती गंमत पुढे येईलच.

गोष्ट त्रेसष्ट सालची, बेंगळुरूची. आम्ही मल्लेश्वरमला भाड्याने राहायचो. दोन खोल्या, मागे न्हाणीघर आणि परसात घरमालकिणीची तुळस. घरमालकिणीला सगळे अक्का म्हणायचे. बाई माध्व वैष्णव, सोवळ्याच्या कडक, पण मनाची लोण्यासारखी मऊ. यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर. सकाळी साडेसहाला कारखान्याची बस त्यांना घेऊन जायची, ती थेट संध्याकाळी आणून सोडायची. मधल्या वेळात घरात मी आणि सासूबाई. लग्नाला दीड वर्ष झालेलं.

सासूबाई देवगडकडच्या. त्यांच्या घराच्या मागच्या पायऱ्या उतरलं की पुळणच, समुद्राकाठची वाळू. सासरे गेल्यावर यजमानांनी त्यांना इकडे आणलं ते "पावसाळा संपेपर्यंत" म्हणून. तो पावसाळा संपला, दुसरा आला. बाईंना कन्नड येत नव्हतं, रस्ते ठाऊक नव्हते आणि समुद्र तर इथून कुठल्याही दिशेला शेकडो मैल लांब. पण त्यांनी एक गोष्ट सोडली नव्हती. रोज सकाळी उठल्यावर तिथी विचारायची, बोटांवर काहीतरी मोजायचं आणि सांगायचं, "आज साडेचारला भरती."

हे त्यांच्याकडचं गणित आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा एकपासून. मल्लेश्वरमच्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडता निवडता त्या मधेच मान वर करून म्हणायच्या, "आत्ता पाणी उतरायला लागलं असेल." मी तोपर्यंत समुद्र बघितलेलाही नव्हता. पहिले काही महिने मला कौतुक वाटलं, मग कंटाळा आला, मग राग यायला लागला. बाईंचं एक मन कायम दुसरीकडे असायचं आणि त्या दुसरीकडेचा मला हिशेब ऐकावा लागायचा.

आता एकादशीचं सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे. पंचांगात कधीकधी लागून दोन एकादश्या येतात. पहिली स्मार्त, दुसरी भागवत. माझ्या माहेरी पहिली, सासरी दुसरी. लग्नानंतर अशी जोडी पहिल्यांदा आली तेव्हा मी माहेरच्या सवयीने आदल्या दिवशी उपास केला आणि सासरच्या धाकाने दुसऱ्या दिवशीही केला. यजमानांनी ती गोष्ट कारखान्यात सगळ्यांना सांगितली. तेव्हापासून मी ठरवून टाकलं, सासरी ज्या दिवशी उपास त्या दिवशी एकादशी, विषय संपला. अक्कांकडेही दुसरीच असायची, त्यामुळे अख्ख्या घरात त्या दिवसाला एकादशीच म्हणायचे.

तशीच ती भागवत एकादशी होती. श्रावण. स्वयंपाक नाही, त्यामुळे सकाळ मोकळी. सासूबाई दोन दिवस गप्प गप्प होत्या, म्हणून मीच म्हटलं, चला, कब्बन पार्कात जाऊन येऊ. मनातून मला एक टोचणी होती, ती खरी गोष्ट इथेच सांगून टाकते. महिनाभरापूर्वी यजमानांनी मला एक पत्र सांगितलं आणि मी ते लिहिलं होतं. माझं अक्षर चांगलं म्हणून. देवगडच्या चुलत दिरांना — घरात तुम्ही कायमचे राहायला या, आईला आता आम्ही परत पाठवत नाही. पोस्टाच्या पेटीत टाकलं तेही मीच. "आईला सावकाश सांगू," असं हे म्हणाले होते. सावकाश म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

शिवाजीनगरच्या बसने निघालो, अलीकडेच उतरून चालत पार्कात शिरलो. पिशवीत सहा केळी आणि पाण्याचा तांब्या. बँडस्टँडपाशी थोडं बसलो. मग पार्काच्या एका कडेला, बांबूच्या बेटापलीकडे, एक बैठी कौलारू इमारत दिसली. बाहेर पाटी होती, आत चित्रं. पहारेकरी स्टुलावर पेंगत होता. घड्याळात अकराला पाच कमी होते. माझ्या लग्नातलं मनगटी घड्याळ, मी ते सारखं बघायचे, त्यामुळे त्या दिवशीच्या वेळा मला पाठ आहेत.

आत कोणी नव्हतं. राजे, दिवाण, घोडे अशी चित्रं. शेवटच्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं, त्यात समुद्राकाठची बाग. हिरवळी, कर्दळीचे वाफे, सुरूची झाडं, दगडी बाकं, मागे तीन पांढऱ्या इमारती आणि पुढे लांबच लांब कठडा. सासूबाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या त्या हलेचनात. मी म्हटलं, छान आहे नाही? तर म्हणाल्या, "कठड्यावरची ओल बघ. नऊला भरती होऊन गेलेय."

मला हसू आलं. गणिताची पदवी गप्प बसू देईना. मी म्हटलं, "आई, आज एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा कठड्यावरच्या ओलीकडे बघायला लागल्या. चित्राशेजारी एक दार होतं. तिकडून वारा येत होता, दमट आणि मला अनोळखी वासाचा. सासूबाई त्या दारातून गेल्या. मी त्यांच्यामागून गेले. एवढंच. कडाडलं नाही, अंधारी आली नाही, काहीच नाही.

दारापलीकडे आणखी एक चित्रांचं दालन होतं, उंच छताचं, पांढरं. त्याच्या दुसऱ्या टोकाचं दार उघडं होतं. त्यातून बाहेर आलो तर समोर ती बाग. हिरवळ, कर्दळी, सुरू... आणि कठड्यापलीकडे पाणी. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत होते आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल, तर बेंगळुरूत एवढं मोठं तळं आहे हे मला कोणी कसं सांगितलं नाही!

सासूबाई कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. रडत नव्हत्या. नुसत्या उभ्या होत्या, पदर वाऱ्यावर सोडून. मी त्यांना दीड वर्षात तसं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. घरात त्या कायम कुठे ना कुठे टेकलेल्या असायच्या.

मी भानावर आले आणि परत फिरले. आलो त्याच पांढऱ्या इमारतीत शिरले, आलो त्या दारापाशी गेले, बाहेर पडले — तर पुन्हा हिरवळ. तीच. पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर आले. मग दुसऱ्या इमारतीत, मग तिसऱ्या. प्रत्येकीला दोन दारं आणि दोन्ही दारं त्याच बागेत उघडत होती. तीन बाजूंना उंच भिंत, चौथ्या बाजूला समुद्र.  इमारतींतली चित्रं मी पळता पळता पाहिली आणि मग थांबून पाहिली, कारण ती सगळी आमच्याकडची होती. मल्लेश्वरमचा चढ. सार्वजनिक नळ आणि त्याच्यापुढच्या घागरी. अक्कांची तुळस. आणि तिसऱ्या दालनात टेबलाशी लिहीत बसलेली एक बाई, पाठमोरी. अंगावर माझी हिरवी इरकल. टेबलावर आमचा कंदील, ज्याची काच तळाशी तडकलेली होती.

मी वळले तर सासूबाई मागे उभ्या होत्या. त्या चित्राकडे खूप वेळ बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "साडी तुझीच." आणि बाहेर गेल्या.

बागेत दुसरी माणसं होती, हे मी आधी सांगायला हवं होतं. दहा-पंधरा असतील. बाकांवर बसलेली, नीटनेटकी, सगळी समुद्राकडे तोंड करून. मी एकाला विचारलं, बाहेर जायची वाट कुठली? त्याने मान वळवली नाही. एका बाईजवळ पिशवी होती, थर्मास होता, प्रवासाला निघाल्यासारखी. तिला मी कन्नडमध्ये विचारलं. तिने हात उचलून बागेच्या टोकाला दाखवलं आणि म्हणाली, "नीरु इळीली." पाणी उतरू दे. मी विचारलं, मग तुम्ही का बसलात? तिने थर्मासचं झाकण घट्ट केलं आणि पुन्हा समुद्राकडे बघायला लागली.

टोकाला गेले. तिथे भिंत समुद्राला भिडत होती. दगडी पायऱ्या खाली पाण्यात उतरत होत्या आणि पायऱ्यांपासून आठ-दहा पावलांवर भिंतीत एक लोखंडी फाटक होतं, अर्धं पाण्यात. फाटकाच्या गजांतून मला पलीकडे लाल माती दिसली, बांबूचं बेट दिसलं, आणि उकडलेल्या शेंगा विकणारा एक माणूस टोपली खाली ठेवून विडी ओढताना दिसला. मी हाका मारल्या. अण्णा, अण्णा म्हणून घसा फाटेपर्यंत ओरडले. तो विडी ओढत राहिला. पन्नास पावलांवर बेंगळुरू होतं आणि मी तिथे जाऊ शकत नव्हते. मधे पाणी होतं आणि ते भिंतीला घासून समुद्राकडे वेगाने ओढ घेत होतं. एक वाळकी झावळी त्यात पडली ती डोळ्यांदेखत लांब गेली.

मी सासूबाईंना बोलावून आणलं. त्यांनी पाण्याकडे बघितलं आणि समजावून सांगितलं, जसं मी शेजारच्या मुलीला त्रैराशिक सांगायचे तसं. पाणी उतरत असतं तोवर ओढ असते, त्यात पाय घालायचा नाही. पूर्ण ओहोटी झाली की ते थोडा वेळ थांबतं, मग उलटं फिरतं. त्या थांबलेल्या वेळात जायचं. मी लगेच हिशेब केला. एकादशी, सव्वाआठला भरती, म्हणजे सव्वादोनला ओहोटी. "सव्वादोनला थांबेल, होय ना?" मी विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, "केळी खाऊन घे. तुझं तोंड सुकलंय."

बारा वाजले, एक वाजला. मी दर पाच मिनिटांनी पायऱ्यांवर जाऊन बघत होते. त्या मात्र कठड्याशी बाकावर बसून होत्या, पाय वर घेऊन, घरच्या ओटीवर बसावं तशा. मला त्यांचा भयंकर राग आला. इथे आपण अडकलोय आणि या बाईला सुख झालंय, असं मी मनात म्हटलं, आणि ते खरंच होतं. एकदा तर चिडून मी विचारलंही, तुम्हाला परत यायचंय की नाही? त्यांनी शांतपणे मलाच विचारलं, "कुठे परत?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मी पोस्टाच्या पेटीत टाकून आले होते.

सव्वादोन वाजले. पाणी खूप उतरलं होतं, फाटकापर्यंतचे दगड पाण्याखाली शेवाळलेले दिसत होते, गुडघाभर असेल. मी निऱ्या खोचल्या आणि उतरले. तिसऱ्या पावलाला पाय माझे राहिले नाहीत. टाचेखालची वाळू कोणीतरी काढून घेतल्यासारखी सरकली, मी आडवी झाले, तोंडात पाणी गेलं — खारट, कडू. कोणीतरी वेणी धरून मला मागे खेचलं. सासूबाई. बाई चौपन्न वर्षांच्या, काडीसारख्या, पण पायरीवर अशा रुतून उभ्या होत्या की मी हबकले. त्यांनी मला पायरीवर आपटलंच म्हणा ना.

मी घड्याळ बघितलं. दोन वीस. पाणी अजून ओढत होतं. म्हणजे आपला हिशेब संपला. हीच ओहोटी, याहून काही होणार नाही, आता पाणी वाढणार आणि पुढची ओहोटी रात्री अडीचला. मला त्या बाकांवरची माणसं आठवली. त्यांनीही कधीतरी हिशेब केला असणार, असं वाटलं आणि मी ओक्साबोक्शी रडायला लागले. रडता रडता जे बोलले ते ठरवून बोलले नाही.

"आई, घर दिलं. भाऊजींना दिलं. तुम्हाला आता परत पाठवणार नाहीत. पत्र मी लिहिलं, मीच टाकलं."

त्या माझ्या साडीचा पदर पिळत होत्या. पिळणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "त्याचं उत्तर आलं परवा. पोस्टमन माझ्याच हातात देऊन गेला."

दोन दिवस त्या गप्प का होत्या ते मला तेव्हा कळलं. मला मरणाची लाज वाटली. मी म्हटलं, मला माफ करा. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगता की नाही ते बघत होते. तो नाही सांगणार, ठाऊक होतं. बापासारखा आहे, वाईट सांगायला तोंड उघडत नाही. तू सांगितलंस."

मग मी ते वाक्य बोलले, जे साठ वर्षं माझ्या मानगुटीवर बसलंय. "दिवाळीच्या आत मी स्वतः तुम्हाला देवगडला घेऊन जाईन. हे आले तर यांच्यासकट, नाहीतर यांच्याशिवाय."

"नक्की?"

"नक्की."

त्या थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिल्या. किती वेळ, मला सांगता येणार नाही. घड्याळ होतं तरी मी बघितलं नाही. मग म्हणाल्या, "अगो, आपली एकादशी भागवत. उपास आज, पण तिथी द्वादशी. बाराची पाऊणपट कर."

नऊ. भरती नऊला. ओहोटी तीनला. चित्रापुढे उभ्या राहून सकाळी त्यांनी नऊच म्हटलं होतं आणि मी त्यांना शिकवायला गेले होते. माझा गुणाकार बरोबर होता, तिथी चुकली होती. आणि बाईंना ते सकाळपासून ठाऊक होतं. पायऱ्यांवर मी सव्वादोन म्हणाले तेव्हाही ठाऊक होतं. मला नुसती केळी खायला लावली. का गप्प बसलात, असं मी त्यांना विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. विचारायला लागू नये इतकं ते स्पष्ट होतं.

तीनला दोन-तीन मिनिटं असताना पाणी थांबलं. खरंच थांबलं, वाफ्यात सोडलेलं पाणी थांबावं तसं. सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि आम्ही उतरलो. त्या पुढे, मी मागे. "शेवाळावर टाच टेकू नको, बोटं रुतव," एवढंच त्या बोलल्या. फाटकाला कडी होती, गंजलेली, ती त्यांनीच काढली. फाटकातून मी मागे वळून बघितलं. बाकांवरचं कोणीही उठलं नव्हतं. पाणी थांबलेलं त्यांना दिसत होतं, थर्मासवाल्या बाईलाही दिसत होतं.

पलीकडे पाऊल टाकलं ते लाल मातीत. बांबूचं बेट, शेंगावाला. त्याने आमच्या ओल्या साड्यांकडे बघून तोंड दुसरीकडे केलं. मी मागे बघितलं तर पार्काची साधी, बुटकी, चुन्याची भिंत.

घरी आलो तर अक्का दारातच. काय झालं म्हणाल्या, मी सांगितलं की पार्कातल्या तळ्यात पाय घसरला. त्यांनी दोरीवर साड्या वाळत टाकायला मदत केली. तासाभराने मला हाक मारली. दोन्ही साड्या वाळून कडक झाल्या होत्या आणि काठांवर पांढरी रेघ उमटली होती. अक्कांनी बोट लावलं, जिभेला टेकवलं, आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "उप्पु." मीठ. तळ्याच्या पाण्यात मीठ कुठलं, असं त्यांनी विचारलं नाही, पण त्यानंतर त्या मला एकटीला कधी तळ्याकडे जाऊ देत नसत. मी घाबरून दोन्ही साड्या दोन बादल्या पाण्यात धुतल्या आणि पुरावा गटारात सोडून दिला.

यजमानांना सगळं सांगितलं. दिरांच्या उत्तराचंसुद्धा. पुढच्या रविवारी ते मला घेऊन मुद्दाम पार्कात गेले. इमारत होती. पहारेकरी होता, त्याला आम्ही आठवत होतो — दोघी आत गेलेल्या आठवत होत्या, बाहेर आलेल्या नव्हे. पण तो पेंगतच असायचा. शेवटच्या भिंतीवर शिकारीचं चित्र होतं, शेजारी दार नव्हतं. भिंतीला हात लावून बघितला, गार, जाड भिंत. इंजिनिअर माणसाने निदान दिलं — उपास, ऊन, पित्त. मी विचारलं, मग मीठ? म्हणाले, घाम. दोन साड्या पिळून निघतील एवढा घाम येणारं माणूस तुम्ही तुमच्या कारखान्यातही पाहिलं नसेल, असं मी त्यांना सुनावलं.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला जड जातंय.

दिवाळीला यांना रजा मिळाली नाही. एकटीने नेईन म्हटलं होतं, पण मला दिवस गेले होते आणि डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला नको म्हटलं. मग बाळ. मग बाळाचे दात, बाळाचा गोवर. कारणं सगळी खरी होती, त्यातलं एकही मी बनवलेलं नाही. पण त्या दिवशी "नक्की" म्हटलं होतं ते मी, कारणांनी नव्हे. सासूबाईंनी एकदाही आठवण करून दिली नाही. फक्त त्या दिवसापासून त्यांनी भरती मोजायची सोडून दिली. सकाळी उठायच्या, चहा घ्यायच्या, नातवाला घेऊन बसायच्या. ज्या हिशेबाचा मला एवढा राग यायचा, तो ऐकू येईना तेव्हा घर मला खायला उठायचं. एकदा मीच म्हटलं, आई, आज षष्ठी, साडेचारला भरती ना? त्या म्हणाल्या, "असेल."

सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात त्या आजारी पडल्या आणि आठ दिवसांत खालावल्या. शेवटच्या दिवशी सकाळी मला विचारलं, तिथी कुठली. मी सांगितलं, नवमी. त्यांची बोटं चादरीवर हलली. "पावणेसात," म्हणाल्या. अडीच-तीन वर्षांनी पहिल्यांदा. पावणेसातला भरती म्हणजे दुपारी पाऊणला ओहोटी. माणूस ओहोटीला जातं असं त्यांच्याकडे म्हणतात. त्या बरोबर पाऊण वाजता गेल्या. माझं घड्याळ हातातच होतं.

अस्थी घेऊन मी देवगडला गेले. यांच्यासकट. मी खरा समुद्र तेव्हा पहिल्यांदा बघितला — म्हणजे लोकांच्या हिशेबाने. पाण्यात उभी राहिले, टाचेखालची वाळू सरकली आणि मला ते आधीपासून माहीत होतं. ती चव माहीत होती. यांनी माझ्याकडे बघितलं आणि पित्ताचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

आता मी व्हाइटफील्डला मुलाकडे असते, चौदाव्या मजल्यावर. खिडकीतून दुसऱ्या खिडक्या दिसतात. "थंडी संपेपर्यंत राहा," असं म्हणून त्याने मला आणलं, त्याला सहा वर्षं झाली. मुलगा गुणी आहे, तक्रार नाही. पार्कात ने म्हटलं की म्हणतो, ट्रॅफिक बघितलंस का आई? रोज सकाळी मी फोनवर तिथी बघते आणि पाऊणपट करते. सुनेला त्याचा कंटाळा येतो, तिच्या तोंडावर दिसतं. मी तिला दोष देत नाही.

ती बाग कुठली, ते पाणी कुठलं, मला आजही ठाऊक नाही. खूप विचार केला, गणितात बसत नाही. कोणाला पटलं नाही तर माझं काही म्हणणं नाही, मलाही पटत नाही. मला पटतं ते एवढंच की बाईंनी तिथे नुसतं गप्प राहायचं होतं. द्वादशी हा एक शब्द गिळला असता तर त्या त्यांच्या समुद्राकाठी राहिल्या असत्या. माझ्यासाठी त्यांनी तो शब्द बोलून दाखवला, मनगट धरून मला बाहेर काढलं आणि स्वतः मल्लेश्वरमच्या दोन खोल्यांत परत आल्या. मी त्यांना बाहेर काढलं नाही.

आज भागवत एकादशी आहे. उपास आहे, पण तिथी द्वादशी. हे लिहायला बसले तेव्हा दोन वाजून गेले होते. आता तीनला पाच कमी आहेत. पाणी थांबत आलं असेल.